गाल लाल होतात, तोंड भगभगतं: अशा त्वचेला क्रीम कुठली, मेकअप कुठला?

निपाणीच्या एका मुलीनं विचारलंय. गालांवर आणि नाकावर कायम लाली, चहा प्यायला की, उन्हातनं आलं की, चुलीपुढं बसलं की तोंड भगभगतंय, नवीन काहीही लावलं की चुरचुरतंय. मैत्रिणीनं सांगितलेली मेडिकलमधली एक क्रीम वर्षभर लावली, आधी तोंड उजळलं आणि आता एक दिवस चुकवली तरी तोंड पेटतंय. वैशाखात भावाचं लग्न आहे, तर फाउंडेशन कुठलं घेऊ, सीरम कुठलं घेऊ, आणि रीलमध्ये दाखवतात ते दहा पायऱ्यांचं कोरियन रुटीन करू का?

ते रुटीन करू नको गे. एवढं आधी सांगून टाकते, बाकीचं निवांत वाच. मी बेळगावात पार्लर चालवते, नवरीचा मेकअप हे माझं मुख्य काम, आणि डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाचं जिथं येईल तिथं तुला डॉक्टरकडंच पाठवणार. पण तुझ्यासारख्या तोंडावर रोज हात चालतो म्हणून सांगते, तुझा प्रश्न काय घेऊ हा नाहीच, काय काय बंद करू हा आहे. घेण्याच्या वस्तू शेवटी तीन-चारच उरतात.

सगळ्यात आधी ती मेडिकलमधली ट्यूब हातात घे आणि मागचं बारीक अक्षर वाच. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव बहुतेक सापडेल, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन पण असेल. यातली पहिली चार नावं स्टेरॉइडची. डॉक्टर देतात तेव्हा ते औषध असतं, ठराविक जागेवर, ठराविक दिवस. तेच गोरं व्हायचं म्हणून रोज तोंडभर चोपडलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या वर दिसायला लागतात, गालावर लव वाढते, पुरळ उठतात, आणि थांबवलं की थोड्याच दिवसांत चेहरा लालभडक होऊन आग आग होते, म्हणून बाई घाबरून परत तीच ट्यूब लावते आणि त्यातच अडकते. आपल्या देशात हे इतकं झालंय की त्वचेच्या डॉक्टरांनी अशा चेहऱ्याला वेगळं नावच दिलंय. २०१८ मध्ये सरकारनं असली १४ स्टेरॉइड शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय त्यांची मलमं द्यायचीच नाहीत, पण काउंटरवर नुसतं नाव सांगून ट्यूब हातात पडते हे तुला मला दोघींना माहीत आहे.

तर ती ट्यूब फेकू नको आणि आपल्या मनानं एकदम बंदही करू नको. ती घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडं जा, किती महिने लावली, दिवसातनं किती वेळा, सगळं खरं सांग. काहींना ते हळूहळू कमी करत आणतात, काहींना दुसरं औषध चालू करून मग बंद करतात. बेळगावला येणं जमत असेल तर बिम्समध्ये नाहीतर केएलईमध्ये स्किन ओपीडी आहे, आणि निपाणीहून कोल्हापूर पण काही लांब नाही. हे लग्नाच्या तोंडावर नको, आत्ताच. स्टेरॉइडची लाली उतरायला आठवडे नाही तर महिने लागतात, आणि तोवर वर कुठलंही भारी फाउंडेशन टाकलं तरी ते पातळ कातडीवर सोलून वर येतंय.

ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत, कंपनीचा पत्ता नाही, ओळखीची बाई पिशवीतनं आणून विकते, ती मात्र बोटानंही उघडू नको. असल्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघालेला आहे. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला अशाच क्रीम वापरणाऱ्यांमध्ये किडनी बिघडलेले पेशंट सापडले.

आता समजा स्टेरॉइडचा विषय नसता तरी तुझी लक्षणं वाचून मला रोझेशिया नावाच्या त्वचारोगाचा संशय आलाच असता. गरम चहा, ऊन, चुलीची धग, संकेश्वरी मिरचीचा झणझणीत रस्सा, राग, घाई, यातल्या कशानंही तोंड तापतं, मधल्या भागात लाली बसून राहते, कधी बारीक पुटकुळ्या येतात पण ब्लॅकहेड, व्हाइटहेड मात्र नसतात. गोऱ्या लोकांचा रोग म्हणून पुस्तकात फोटो असतात त्यामुळं आपल्याकडं तो ओळखूच येत नाही. गव्हाळ नाहीतर सावळ्या रंगावर लाली लाल दिसत नाही, तांबूस, तपकिरी, कधी जांभळट दिसते, आणि घरातले म्हणतात उन्हानं काळवंडलीस. म्हणून मी रंगापेक्षा आधी विचारते की आग होते का, गरम लागतं का. घरी एक करून बघ. दिवसा खिडकीपाशी उभी राहा, काचेचा स्वच्छ पातळ पेला गालावर हलका दाब आणि आरशात बघ. दाबल्यावर रंग फिका पडला आणि पेला काढल्यावर परत भरून आला तर ती रक्ताची लाली. तसाच राहिला तर तो डाग, म्हणजे पिगमेंटेशन, आणि त्याचं सगळं गणितच वेगळं. यावरनं रोगाचं नाव ठरत नाही, पण निदान काय झाकायचं ते कळतंय. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर ते पण डॉक्टरांना सांग, रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.

अजून एक, जे शहरातल्या मेकअपवाल्यांना सुचतच नाही. बांधावरचं काँग्रेस गवत. पावसाळ्यात ते फुलतं, त्याचे कण हवेतनं उडतात आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांच्या पापण्या, मानेचा पुढचा भाग, कोपराची घडी लाल होऊन खाजते, कातडी जाड होत जाते. शेतात जाणाऱ्या बायका पुरुष दोघांनाही होतंय. दोष मात्र नव्या पावडरला जातो. तुझी लाली पापण्यांवर आणि मानेवर पण असेल आणि खाज जास्त, आग कमी असेल तर डॉक्टरांना पॅच टेस्टचं विचार. पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, आणि एक-दोन दिवसांनी परत बघतात, कारण ही ॲलर्जी सावकाश उठते. दुकानातला टेस्टर मनगटावर फासून पाच मिनिटांत काही कळत नाही ते याचसाठी.

बरं, आता खरेदी. बेळगावच्या गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात दुकानात शिरलीस की पोरगी विचारणार, सेन्सिटिव्ह स्किनसाठी दाखवू का. बॉक्सच्या पुढच्या बाजूला जे लिहिलेलं असतं, हायपोअलर्जेनिक, डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड, नॅचरल, हर्बल, त्यावर पैसे टाकू नको. त्या शब्दांमागं सगळ्यांनी पाळायचा असा एक ठरलेला नियम नाही. बॉक्स उलटा कर. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडं लिहितात, त्यामुळं पहिली पाच-सहा नावं म्हणजे ती वस्तू आहे असं समज, पण खाज उठवणारी गोष्ट शेपटाला, थेंबभर असली तरी पुरते, म्हणून शेपूट पण वाच. फ्रॅग्रन्स, परफ्यूम, पार्फम यातलं काही दिसलं की परत ठेव. लिनालूल, लिमोनिन, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल ही पण वासाचीच नावं. अनसेंटेड लिहिलेलं असलं तरी फसू नको, कधी कधी मूळ वास मारायला दुसरा वास घातलेला असतो, फ्रॅग्रन्स फ्री हा शब्द पाहिजे. मेंथॉल, कापूर, निलगिरी, पेपरमिंट, यानं थंड वाटतं ते कातडी चाळवल्यानं वाटतं. अल्कोहोल डिनॅट वरच्या नावांत असेल तर चुरचुरणारच, पण सिटाइल अल्कोहोल, सिटिअरिल अल्कोहोल दिसलं म्हणून घाबरू नको, ती मेणासारखी मऊ असतात आणि बहुतेकांना चालतात. मिथाइलआयसोथायाझोलिनोन असं लांबलचक नाव दिसलं तर नकोच. युरोपात ते लावून ठेवायच्या क्रीममधनं २०१७ पासून बंद आहे.

घेतलीस की मोठी बाटली नको, सगळ्यात लहान ट्यूब. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातनं दोनदा लाव, सात ते दहा दिवस, काही झालं नाही तर जबड्याच्या कडेला कानाखाली थोडे दिवस, मग तोंडाला. आणि एका वेळेला एकच नवीन वस्तू. तीन एकदम चालू केल्यास आणि तोंड सुजलं तर चोर कोण ते कसं शोधणार?

रोजचं काय ते थोडक्यात. सकाळी नुसतं कोमट पाणी पुरतं. थंडीत बंबातलं कढत पाणी तोंडावर मारायची सवय आपल्या सगळ्यांची, ती मोड. रात्री साबण नको, अंगाच्या साबणाचा पीएच ९-१० असतो आणि कातडीचा ५ च्या आसपास, त्यामुळं सोप-फ्री लिहिलेलं, फेस न येणारं नाहीतर थोडाच येणारं क्लिन्झर घे. बेसन, मुलतानी माती, अक्रोडाचं स्क्रब, दिवाळीचं उटणं, हे हातापायाला लाव की, तोंडाला नको. लिंबू तर अजिबात नको, त्याचा पीएच २ च्या आसपास असतो आणि वर ऊन लागलं की डाग पडतात ते वेगळे.

मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन, सिरॅमाइड, पॅन्थेनॉल, स्क्वालेन असलं काही शोध, यादी जितकी छोटी तितकं बरं. आग फारच होत असेल तर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली रात्री पातळ थरानं लाव, स्वस्तात काम होतंय. सध्या सिका नावाच्या क्रीमची फॅशन आहे, त्यात सेंटेला असते, म्हणजे आपल्या शेजारच्या कन्नड घरांत ज्याची तंबुळी करतात तो ओंदेलगा. सोसली तर चांगली आहे, पण म्हणून परसातला पाला वाटून तोंडाला लावायचा नाही, मी पोरींना हेच सांगून दमते. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक हे सगळं सध्या कपाटात. नायसिनामाइड पुढं कधी घेतलंस तर १० टक्केवालं नको, ४-५ टक्क्यांचं बघ. ॲझेलेइक ॲसिड रोझेशियाला डॉक्टर देतात, सुरुवातीला टोचतं, ते त्यांच्याच हाताखाली चालू कर.

सनस्क्रीन मात्र मेकअपपेक्षा महत्त्वाचं, कारण तुझी लाली उन्हानंच भडकते. झिंक ऑक्साइड नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइडवालं मिनरल सनस्क्रीन अशा त्वचेला जास्त सोसतं, एसपीएफ ३० तरी पाहिजे. अडचण अशी की आपल्या रंगावर ते पांढरं, जांभळट दिसतं, पिठात तोंड घातल्यासारखं, म्हणून टिंटेड घे. त्यातला रंग आयर्न ऑक्साइडचा असतो, तो डाग पाडणारा दिसता उजेड पण थोडा अडवतो आणि लाली पण अर्धी झाकतो. कितीतरी पोरींना मी टिंटेड सनस्क्रीनवर सोडलंय आणि रोजच्या ऑफिसला त्यांना फाउंडेशन लागतच नाही. दोन बोटांवर लांब रेघ काढून तेवढं चेहरा आणि मान मिळून लाव, वाटाण्याएवढं नव्हे. उन्हात असशील तर दोन तासांनी परत.

आता लग्नाचा मेकअप. मी कसा करते ते सांगते, तुझ्या पार्लरवालीला दाखव. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, मग दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही, तोंड गार होऊ दे. पंख्याखाली बस, चहा नको. लाली शांत झाल्यावरच किती झाकायचं ते खरं कळतंय, तापलेल्या तोंडावर चालू केलं की दुप्पट माल जातो. नंतर हिरवा करेक्टर. यूट्यूबवर बघून पोरी तोंडभर हिरवा लावतात आणि वर फाउंडेशन आलं की चेहरा राखेसारखा होतो, विशेष करून सावळ्या रंगावर. तांदळाच्या दाण्याएवढा घ्यायचा, बोटाच्या टोकावर घासून गरम करायचा, आणि फक्त जिथं लाली आहे तिथं थोपटायचा, नाकपुड्यांच्या कडा, गालाचा मधला भाग. तुझा रंग गव्हाळाच्या पुढं असेल तर हिरवा सोडूनच दे, पिवळसर छटेचा कन्सीलर तेच काम करतो आणि राखाडी दिसत नाही. ओढायचं नाही, पुसायचं नाही, घासलं की खालची लाली परत वर येते आणि तू परत थर चढवत बसतेस. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, तोही स्वच्छ, थोपटत थोपटत. ब्रश वापरायचाच झाला तर मऊ, आणि आठवड्याला शाम्पूनं धुतलेला. पार्लरवालीचा ब्रश आधीच्या नवरीच्या तोंडावरचा असेल तर आपला घेऊन जा, लाजू नको.

फाउंडेशन बिनवासाचं, सिलिकॉन बेसचं मला अशा त्वचेवर बरं पडतं, डायमेथिकोन वरच्या नावांत असतं, सरकतं छान म्हणून घासावं लागत नाही. शेड निवडताना लाल गालाशी जुळवू नको, मानेशी जुळव. मिनरल पावडर म्हणून विकतात त्यात बिस्मथ ऑक्सिक्लोराइड असेल तर काहींना घाम आला की खाज सुटते, ते बघून घे. ब्लश लावायचाच नाही, गालाचा वरचा भाग मी मुद्दाम थोडा कमी झाकते, तुझी स्वतःचीच लाली तिथं कामाला येते. सेटिंग स्प्रेमध्ये बहुतेक अल्कोहोल असतं, त्याऐवजी ओल्या स्पंजनं एकदा दाबून घे. वॉटरप्रूफ सगळं टाळ, काजळ सोडून, कारण ते काढताना जी घासाघीस होते तीच दुसऱ्या दिवशी महागात पडते.

हे सगळं लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा पूर्ण करून बघ, आणि लगेच पुसू नको, पाच-सहा तास ठेवून घरातली कामं कर. महिनाभर आधीपासनं ब्लीच बंद, त्यात अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. वाफ बंद, फेशियल बंद, आणि तोंडाला वॅक्स तर नाहीच, ट्रेटिनोइन लावलेल्या चेहऱ्यावर वॅक्सबरोबर कातडीच निघून येते. भुवया थ्रेडिंगनं कर, वर गार पाण्याची घडी ठेव.

हळदीचं घरातल्या म्हाताऱ्यांना समजावणं हे खरं अवघड काम. भावाचं लग्न म्हणजे करवली तू, तुला कोणी सोडणार नाही. गालांना आधी पेट्रोलियम जेलीचा थर लावून बस, हातापायाला हवी तेवढी हळद लावू दे, गालाला बोटभर लागली की पाच मिनिटांत टिपून काढ. हळद नैसर्गिक आहे म्हणून सोसतेच असं नाही, तिची पण ॲलर्जी असते. चिंचलीच्या मायाक्काला नाहीतर सौंदत्तीला जाऊन आल्यावर तोंड लाल झाल्याच्या तक्रारी घेऊन बायका येतात, भंडारा अंगभर उधळलेला असतो, त्यात कधी हळद, कधी नुसता रंग. तोंडाला रुमाल बांधून जावं आणि आल्याबरोबर धुवावं, देवी रागावत नाही. कुंकवानं कपाळ खाजत असेल तर त्यातल्या रंगाचा दोष असू शकतो, आणि टिकलीच्या डिंकानं तर तिथं पांढरा डागही पडू शकतो. टिकली लावायची झाली तर लग्नापुरती, रात्री काढून ठेवायची.

लग्नादिवशी पर्समध्ये एक स्वच्छ सुती रुमाल आणि गार पाण्याची छोटी बाटली ठेव. कार्यालयातल्या लाइटखाली तोंड तापलं की रुमाल भिजवून, पिळून, मानेच्या मागं धर, तोंडावर बर्फ चोळू नको. वरात रस्त्यावर असताना सावलीत राहा, जेवताना तिखट रस्सा जरा बेतानं घे.

रात्री कितीही दमलीस तरी मेकअप काढून झोप. वाइप्स नको, बिनवासाचं क्लिन्झिंग बाम नाहीतर मिसेलर वॉटर कापसावर घेऊन डोळ्यांवर थोडं धरून ठेव, विरघळू दे, मग उचल. मिसेलर वॉटर लावलं तर वरनं पाण्यानं धुवायचंच, बाटलीवर काही का लिहिलेलं असेना. मग जाडसर मॉइश्चरायझर. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला फोटो असले तरी टिंटेड सनस्क्रीन, काजळ आणि लिपस्टिक, एवढंच लाव.